मिश्रणाचं वजन

शनिवारी दुपारी दादांनी चष्म्याच्या दुकानाचं शटर कमरेएवढं खाली ओढलं, तेव्हा वहिनी हातातलं काम टाकून पुढे आली. ते शटर एक तर पूर्ण उघडं असे, नाहीतर पूर्ण बंद. अर्ध्यावर आणलेलं तिनं एकदाच पाहिलं होतं, सासरे गेले त्या दिवशी.

"कोणी विचारलं तर काय सांगू?"

"सांग, आत काचा घासतोय."

"काचा घासायला शटर कशाला पाडायला हवं?"

"मग काहीच सांगू नकोस." दादांचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसाच होता. पण शटरची कडी अडकवायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला.

दुकानामागच्या कामाच्या खोलीत, काचा घासायच्या चाकाशेजारी भिंगरी स्टुलावर बसली होती. चालायला लागली तेव्हा एका जागी ठरत नसे, म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलेलं. आता चोविसाव्या वर्षी ती तासन् तास एका जागी बसायची, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. अकरा दिवसांपूर्वी बसस्थानकावर पोलिसांनी तिची पिशवी उघडली होती आणि जेवणाच्या डब्यात त्यांना साखरेचे बारा चौकोनी तुकडे सापडले होते. प्रत्येक तुकड्यावर नशेच्या द्रव्याचा एकेक थेंब सोडलेला. कोठडीत चार रात्री काढून ती जामिनावर घरी आली होती, तीही प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंतच. अहवाल सोमवारी यायचा होता. ती केस कापायची त्या सलूनच्या मालकिणीनं कात्र्यांचा संच एका पिशवीत भरून घरी पाठवून दिला होता. सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती.

बाहेर एक मोटारसायकल थांबली. भिंगरी उठून पडद्यामागे गेली. शटरखालून एका माणसाचे बूट दिसत होते.

"आहे का कोणी? दांडी तुटलीय चष्म्याची."

"उद्या या," दादा म्हणाले.

"उद्या रविवार ना?"

"मग परवा या."

बूट गेले. भिंगरी पडद्यामागून लगेच बाहेर आली नाही. वहिनीनं पडदा सारला, तर पोरीच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते.

"आई, आत्या येणार आहे ना नक्की?"

"येतील. निरोप दिलाय."

नक्की वहिनीलाही माहीत नव्हतं. नणंद सरकारी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. पोलिसांनी पकडलेला प्रत्येक माल आधी तिथल्या टेबलांवर जायचा आणि मग कोर्टात. पण या अकरा दिवसांत ती एकदाही घराकडे फिरकली नव्हती. भिंगरी हिच्याच कडेवर वाढलेली, हिचेच केस दर दोन महिन्यांनी कापणारी. वहिनीनं मनात बोलणं तयार ठेवलं होतं. पाया पडायचीही तयारी ठेवली होती, आणि त्याची चीड आतल्या आत गिळून झाली होती.

मागच्या दारानं आधी धाकटा दीर आला. काखेत फाइल. शाळेत भूगोल शिकवायचा, पण गावभर त्याला ओळखत ते संघटनेचा सचिव म्हणून. नशेपायी ज्यांची माणसं गेली अशा घरांची ती संघटना. आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनीच ती काढली होती, मधला मुलगा गेल्यावर. मंगळवारी कायद्यातल्या बदलांवर विधिमंडळाच्या समितीपुढे सुनावणी होती आणि बदल नको असं सांगायला धाकटा जाणार होता.

"ताई आली?" त्यानं विचारलं.

"नाही अजून. फाइल तेवढी खाली ठेवा, भाऊजी. ती बघवत नाही मला."

त्यानं फाइल खुर्चीखाली सरकवली.

आत्या पाच मिनिटांनी आली. दारातच चपला काढून उभी राहिली, पाहुणीसारखी. खांद्याला कापडी पिशवी. भिंगरीकडे तिनं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा पाहिलं.

"आलात, वन्सं," वहिनी म्हणाली.

"आले."

दादांनी वकिलाचा कागद पुढे केला. "नमुन्याचा नंबर मिळाला. चारशे सतरा. तुमच्याकडे आलाय का?"

आत्यानं कागद हातात घेतला नाही. "गुरुवारी आला."

"कोणाच्या टेबलावर?"

"माझ्या कपाटात आहे."

वहिनीला वाटलं, देवानंच हे जमवून आणलंय. आणि लगेच नणंदेचा चेहरा पाहून वाटलं, हे देवाचं काम नव्हे.

"उघडलास?" दादांनी विचारलं.

"उघडायला हवा होता. शुक्रवारी हातात घेतला आणि परत ठेवला. पंचनाम्यात बसस्थानकाचं नाव होतं, वय होतं, धंदा लिहिला होता. नाव आमच्याकडे येत नाही, दादा. पण मला ते कळायला नाव कशाला हवं होतं?"

"वन्सं, आम्हाला एकच सांगा," वहिनी म्हणाली. "त्यात ते विष आहे तरी किती?"

"सगळ्या बारा तुकड्यांवर मिळून?" आत्यानं चाकाच्या कडेवर साचलेली काचेची पूड बोटाच्या टोकावर घेतली. "याहूनही कमी. दीड मिलिग्रॅमही भरणार नाही. बाकी साखर."

"मग झालं तर!" दादा म्हणाले. "तसं लिही. खरंच आहे ते."

"अहवालात वजनाचा एकच रकाना असतो. मिश्रणाचं एकूण वजन. थेंब साखरेवर असेल तर साखर धरून, कागदावर असेल तर कागद धरून. हे अठ्ठेचाळीस ग्रॅम होतील. या द्रव्याला पाच ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण लागतं. त्याला जामीन नाही. शिक्षा दहा वर्षांपासून सुरू."

"साखरेसाठी दहा वर्षं?" वहिनीचा आवाज फाटला.

"हळू," दादा म्हणाले आणि शटरकडे पाहिलं.

भिंगरी पहिल्यांदा बोलली. "माझे दोनच होते. सहा जण जाणार होतो डोंगरावर, प्रत्येकाला दोन. पिशवी माझी मोठी होती म्हणून डबा माझ्याकडे होता. विकायला नव्हते, काका. खरंच नव्हते."

ती सगळ्यांना सोडून काकाला का सांगत होती, हे वहिनीला कळलं. घरात निवाडा त्याचा चालायचा.

*

धाकट्यानं ठरवलं होतं, आपण बोलायचंच नाही. आलोय तो दादासाठी. पण सगळे त्याच्याकडे पाहत होते.

"नियम उगाच झालेला नाही, वहिनी," तो म्हणाला. "मधला गेला तेव्हा विकणारे पिठात, साखरेत, कशातही मिसळून विकायचे. पकडले की कोर्टात म्हणायचे, साहेब, खरा माल चिमूटभरच आहे. सुटायचे. पुन्हा त्याच कोपऱ्यावर उभे. म्हणून सगळं वजन धरा, अशी मागणी झाली. आता समितीपुढे आहे तो बदल हाच, की फक्त शुद्ध द्रव्याचं वजन धरायचं."

"कोणी केली?"

त्यानं खुर्चीखालची फाइल पायानं आणखी मागे सरकवली.

"बोला ना. कोणी केली मागणी?"

"आण्णांनी," आत्या म्हणाली. "अर्ज मीच लिहून काढला. माझं अक्षर चांगलं म्हणून."

वहिनी मटकन बाकावर बसली.

धाकट्याला ते दिवस आठवत होते. तो वीस वर्षांचा होता. मधला भाऊ दुकानाच्या जिन्यावर सापडला होता, पायरीवर बसलेला, भिंतीला डोकं टेकून, झोपल्यासारखा. त्यानंतर आण्णा चार महिने दुकानात बसले नाहीत. घरोघर फिरले, सह्या गोळा केल्या, दोन वर्षांत कायदा करवून घेतला. ताईनं प्रयोगशाळेची नोकरी धरली तीही त्याच रागात. या घरानं शोकातून तेवढी एकच गोष्ट उभी केली होती, आणि आण्णांनंतर ती धाकट्याच्या खांद्यावर आली होती.

जे तो कोणाशी बोलला नव्हता ते वेगळंच होतं. दरवर्षी संघटनेच्या सभेत गेलेल्यांची यादी वाचली जायची. पहिल्या वर्षी आण्णांनी ती चार मिनिटांत वाचली होती. यंदा धाकट्याला चाळीस मिनिटं लागली आणि मध्ये दोनदा पाणी प्यावं लागलं. कायदा कडक होत गेला तशी यादी लांबत गेली होती. घरी परतताना प्रत्येक वेळी हा विचार दारात उभा असायचा आणि तो त्याला आत घ्यायचा नाही.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "मंगळवारी तुम्ही त्यांचा फोटो घेऊन जाणार. मधल्या भाऊजींचा. त्या फोटोखाली उभं राहून सांगणार, की माझ्या पोरीला दहा वर्षं आत टाकलं ते बरोबर."

"मी असं नाही..."

"दुसरं काय सांगणार आहात? ते जिन्यावर होते तेव्हा तुम्हाला काय हवं होतं? ते तुरुंगात असायला हवे होते? की कोणीतरी दवाखान्यात न्यायला हवं होतं?"

मधला शेवटच्या वर्षी दवाखान्याचं नाव काढलं तरी थरथरायचा. तिथून पोलिसांना कळवतात, म्हणायचा. हे धाकट्यानं भाषणात कधी घेतलं नव्हतं.

दादा खाकरले. इतका वेळ ते चाकाच्या पट्ट्याशी चाळा करत होते. "ते मंगळवारचं मंगळवारी. आज सोमवारचं बोलू. वकील म्हणाला, नमुन्यात काही निघालंच नाही तर केस उभी राहत नाही." मग ते बहिणीकडे न पाहता म्हणाले, "साखरेचे तुकडे सगळे सारखेच दिसतात."

धाकटा उभा राहिला. "दादा, काय बोलतोयस तू!"

"मी काहीच बोललो नाही. तुकडे सारखे दिसतात एवढंच म्हटलं."

"ताईला सात वर्षं होतील. आणि ते उघडकीला आलं तर तिनं हात लावलेला प्रत्येक खटला पुन्हा उघडेल. सव्वीस वर्षांचे!"

"उघडू देत," आत्या म्हणाली.

ती हे इतक्या सहज म्हणाली की धाकटा थबकला.

"उघडायलाच हवेत. लाँड्रीत काम करणारा एक माणूस होता. पाठीचं दुखणं. एक लिटर पाण्याच्या बाटलीत चिमूटभर पूड कालवून दिवसभर घोट घोट प्यायचा. मी लिहिलं, एक हजार दोन ग्रॅम. पाणी धरून. चौदा वर्षं लागली त्याला. बायको प्रयोगशाळेच्या फाटकाशी यायची. मला म्हणाली, बाई, पाण्याचंही वजन केलंत? मी म्हटलं, मी फक्त वजन करते, शिक्षा कोर्ट देतं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की मला ते खरं वाटायला लागलं होतं. काल चारशे सतरा हातात येईपर्यंत वाटत होतं."

"म्हणजे तुम्ही करणार?" वहिनी हलक्या आवाजात म्हणाली. तिचे डोळे आत्याच्या पिशवीवर होते. पिशवी तिरकी झाली होती आणि तिच्या तोंडातून पुठ्ठ्याच्या खोक्याचा कोपरा बाहेर आला होता. साखरेचे चौकोनी तुकडे. नवं खोकं, वरची चिकटपट्टीही न काढलेलं.

सगळ्यांनीच ते पाहिलं.

"येताना घेतलं," आत्या म्हणाली. "का घेतलं ते विचारू नका."

"जमतं का ते?" दादांनी विचारलं. "खरं सांग."

"जमतं. लाखेचं सील माझ्याच खणात असतं. दुसरा नमुना कोर्टाच्या कोठारात असतो, पण तो कोणी मागत नाही. सव्वीस वर्षांत तीनदा मागितला."

"ताई, नको," धाकटा म्हणाला. "तू पकडली गेलीस तर पोरीवर आणखी एक गुन्हा लागेल. पुरावा नष्ट करण्याचा."

"तुम्हाला काय जातंय नको म्हणायला!" वहिनी उसळली. "तुमची पोरं शाळेतून वेळेवर घरी येतात! मला जग सुधारायचं नाहीये, भाऊजी. माझी एकटी सुटली तरी मला पुरे. स्वार्थी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा."

भिंगरी स्टुलावरून उठून आत्यापाशी आली आणि तिनं तिच्या मनगटाला धरलं. ती आता काहीतरी समजूतदार बोलेल, असं धाकट्याला वाटलं. अशा वेळी माणसं बोलतात तसं.

"कर ना, आत्या," ती म्हणाली. "मला परत तिथं जायचं नाही. एका खोलीत चौदा जणी होतो. एकीला झटके आले तर कोणी दार उघडलं नाही सकाळपर्यंत. प्लीज, कर. मी पुन्हा कशालाही हात लावणार नाही. कर ना."

आत्यानं तिचे केस कानामागे सारले. "उद्या जाते," एवढंच ती म्हणाली. काय करायला, ते म्हणाली नाही.

*

रविवारी सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं वही पुढे केली. "आज, मॅडम?"

"काम तुंबलंय."

आत्यानं सही केली, वेळ घातली. सही नेहमीसारखी आली याचं तिला नवल वाटलं. कॉरिडॉरमध्ये तिच्याच चपलांचा आवाज तिला मागून कोणी येत असल्यासारखा वाटत होता. दोनदा तिनं वळून पाहिलं.

कपाटाचा मधला कप्पा. अकरा पाकिटं. चारशे सतरा पुढेच होतं, शुक्रवारी तिनं जसं ठेवलं तसं. तिनं ते टेबलावर घेतलं, शेजारी साखरेचं खोकं ठेवलं, खणातून लाख आणि शिक्का काढला आणि बर्नर लावला. दहा मिनिटांचं काम होतं. तिला भीती पकडलं जाण्याची वाटत नव्हती. हात थरथरत नाहीयेत याची वाटत होती.

जागा करायला तिनं मागचं पाकीट बाजूला सरकवलं. चारशे अठरा. तपकिरी द्रवाची अर्ध्या लिटरची बाटली. पंचनाम्यात वय एकतीस, धंदा क्रेनचालक. उद्या हिचंही वजन करायचं होतं. द्रव धरून. साखर बदलून आज घरी गेले, तर उद्या सकाळी इथंच बसून याच हातानं मी या माणसाची बाटली काट्यावर ठेवीन, आणि रकान्यात पाचशेच्या वरचा आकडा लिहीन, आणि परवा चारशे एकोणिसावा.

त्याच्या घरीही कोणीतरी शटर अर्ध्यावर ओढून बसलं असेल. फक्त त्यांची आत्या इथं नाही.

बर्नरची ज्योत निळी जळत होती. भिंगरीची बोटं अजून मनगटावर होती असं वाटत होतं. शेवटी तिनं बर्नर बंद केला आणि ती तोंडावर हात दाबून रडली. रडणं थांबलं तेव्हा चारशे सतरा तिनं न उघडता परत ठेवलं आणि उरलेली दहा पाकिटं एकेक करून बाहेर काढली.

संध्याकाळपर्यंत यंत्र चालू होतं. प्रत्येक अहवालात तिनं रकान्यात एकूण वजन लिहिलं, नियमाप्रमाणे. आणि रकान्याखालच्या मोकळ्या जागेत, त्याच अक्षरात: यातील शुद्ध द्रव्य इतके. क्रेनचालकाच्या बाटलीत ते एक ग्रॅमही नव्हतं. दहाही अहवालांवर सही करून तिनं ते सकाळच्या टपालाच्या ट्रेमध्ये ठेवले. अकराव्या पाकिटावर चिठ्ठी लावली: हा नमुना माझ्या सख्ख्या पुतणीच्या प्रकरणातील असल्याने मी तपासलेला नाही, अन्य तज्ज्ञाकडे द्यावा.

साखरेचं खोकं तिनं चहाच्या कपाटात ठेवून दिलं.

सोमवारी ते पाकीट शेजारच्या टेबलावर गेलं. तिथला सहकारी चांगला माणूस होता. त्याच्या मुलीच्या लग्नात आत्या राबली होती.

"शुद्ध वजनही लिही," ती म्हणाली. "मी दहांवर लिहिलंय. हाही तसाच जाऊ दे."

"रकाना नाही, ताई."

"खाली जागा आहे."

"जागा आहे." त्यानं चष्मा काढून पुसला. "पण साहेबांनी सकाळीच तुमच्या दहा अहवालांच्या प्रती पाहिल्यात. मूळ अहवाल पुढे गेलेत, टपालातून परत आणता आले नाहीत म्हणून. तुम्हाला आत बोलावलंय. मला अजून सहा वर्षं नोकरी करायचीय, ताई. मला नका सांगू."

चाळीस मिनिटांत त्यानं तपासणी संपवली. अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन ग्रॅम. खाली जागा कोरी.

*

कोर्टात तीन वाजता जामीन रद्द झाला. सगळ्याला मिळून चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. दोन महिला पोलीस आल्या. भिंगरीनं आरडाओरडा केला नाही. कानातले काढून आईच्या हातावर ठेवले, कारण गेल्या वेळी ते तिथं काढून घेतले होते आणि परत मिळाले नव्हते. तिचे ओठ पांढरे पडले होते. दारातून जाताना तिनं एकदा मान वळवली, आणि वहिनीला कळलं, पोर आईकडे बघत नाहीये, आत्याकडे बघतेय.

कॉरिडॉरमध्ये दादा भिंतीला धरून उभे होते. वहिनी सरळ नणंदेपुढे गेली.

"दहा जणांचं लिहिलंत म्हणे."

"हो."

"दहा परक्यांचं."

"हो, वहिनी."

"आणि आपली तेवढी राहिली." वहिनीच्या मुठीत कानातले रुतत होते. तिला वाटत होतं, हिच्या तोंडात मारावी. तिनं हात उचललाही. मग तिला दिसलं, नणंदेच्या गळ्यात प्रयोगशाळेचं ओळखपत्र नव्हतं. गेली सव्वीस वर्षं कामाच्या दिवशी त्याशिवाय हिला कोणी पाहिलं नसेल.

"काढून घेतलं?"

"चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय."

वहिनीचा हात खाली आला. माफ मात्र तिनं केलं नाही.

वकील धाकट्याशी बोलत होता. धाकट्यानं सकाळीच समितीच्या कचेरीत लेखी विचारणा केली होती, त्याचं उत्तर आलं होतं. कायद्यात बदल झालाच, तरी तो पुढच्या प्रकरणांना. आधी नोंदलेल्यांना नाही. धाकट्यानं कागद दोनदा वाचला, वहिनीला दिला. तिनं वाचला आणि परत दिला.

"मग उद्या जाऊन उपयोग काय तुमचा?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माहीत नाही, वहिनी," धाकटा म्हणाला. "मला फार भीती वाटतेय."

*

समितीची खोली धाकट्याला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. लांब टेबल, सात सदस्य, पाण्याचे तांबे. पहिल्या रांगेत संघटनेची माणसं होती. मुलगा गेलेला शिंपी, दोन लेकी गेलेली शिक्षिका, रिकाम्या घरात एकटी राहणारी एक म्हातारी. ती धाकट्याकडे पाहून हसली, धीर द्यायला. ही माणसं त्याच्या लग्नाला आली होती, आण्णांच्या तिरडीला खांदा द्यायला आली होती. आणखी पाच मिनिटांनी त्यातलं कोणी त्याच्याशी बोलणार नव्हतं. मधल्याचा फोटो त्यानं आणला नव्हता.

मागच्या रांगेत दादा होते. त्यांच्या पलीकडे वहिनी, आणि एक खुर्ची सोडून आत्या.

त्याचं नाव पुकारलं गेलं. अध्यक्षांनी कागद चाळले. "आपण सुधारणेच्या विरोधात बोलणार, अशी नोंद आहे."

"ती बदलायचीय. मी बाजूने बोलणार आहे."

पहिल्या रांगेत खुर्ची करकरली. म्हातारीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं. शिंपी उठून उभा राहिला. "काय चाललंय हे? आण्णांचा मुलगा ना तू?"

"बसा," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी चष्म्यावरून धाकट्याकडे नीट पाहिलं. "आमच्याकडे अशी माहिती आहे, की काल आपल्या पुतणीचा जामीन याच कायद्याखाली रद्द झाला. खरं आहे?"

"खरं आहे."

"म्हणजे घरातली मुलगी अडकली, म्हणून मत बदललं."

खोलीत कोणीतरी हसलं. धाकट्यानं खिशातून कागद काढला. तो उलगडून त्यानं अध्यक्षांपुढे टेबलावर ठेवला.

"मत तिच्यामुळेच बदललं, साहेब. लाज वाटते, पण तसंच आहे. फक्त, मी तिच्यासाठी बोलत नाहीये. हा बदल झाला तरी तिला लागू होणार नाही. तुमच्याच कचेरीनं तसं लेखी दिलंय."

अध्यक्षांनी कागद वाचला, शेजारच्या सदस्याकडे सरकवला. तो टेबलाच्या टोकापर्यंत जाईस्तोवर धाकटा उभा राहिला.

"आता बोलू का?" त्यानं विचारलं.